पहिल्या शब्दापुढचं

त्या शनिवारी वर्गातला एक कॉम्प्युटर बिघडला, आणि सरांनी तिच्या शेजारी ज्याला आणून बसवलं तो चक्क घड्याळं दुरुस्त करणारा निघाला.

"सरका जरा," तो म्हणाला. "माझं एकच बोट चालतं."

"मग बाकीची नऊ कशाला आणलीत?"

तो हसला. ती मात्र चपापली… आपण इतकं बोललो? दिवसभर दातांच्या दवाखान्यात बसून ती येईल त्याला नाव-गाव विचारायची; तिला कुणी काही विचारत नसे. रविवारी आईचा फोन आला की आधी घसा खाकरावा लागे, इतका तो वापरात नसायचा. हा कॉम्प्युटरची सी भाषा शिकायचा खटाटोपही तेवढ्यासाठीच, चार माणसांत बसायला मिळावं म्हणून.

पुढचे नऊ शनिवार ते एकाच कीबोर्डवर बसले. बिघडलेला कॉम्प्युटर केव्हाच दुरुस्त झाला होता. दोघांनीही ते सरांच्या कानावर घातलं नाही.

शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक प्रोग्राम लिहायचा आणि शेजाऱ्याने तो चालवायचा होता. तिने जीव मुठीत धरून एकच प्रश्न लिहिला – 'वर्ग संपल्यावरही भेटायचं?'

"तुम्ही चालवा. मी बाहेर थांबते."

"उत्तर बघायचा धीर नाही?"

"नाही ना…"

उत्तर सरांच्या प्रिंटरवर छापून यायचं. पाच वाजता वर्ग रिकामा झाल्यावर तिने कागद उचलला. त्यावर एकच शब्द होता: नाही.

डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून ती मागच्या जिन्याने उतरली. बसथांब्यावर उभी राहिली, एक बस सोडली, दुसरीही सोडली. खोलीवर जाऊन तरी काय करायचं होतं? आणि मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सर कंठशोष करून सांगत होते, स्कॅनएफ या आज्ञेने वाक्य वाचू नका. पहिली मोकळी जागा आली की ते वाचायचं थांबतं, पूर्ण ओळीला एफगेट्स वापरा. आणि घाबरून तिने नेमकं स्कॅनएफच लिहिलं होतं!

ती धापा टाकत वर आली तेव्हा वर्ग झाडणाऱ्या मावशी एकेक कॉम्प्युटर बंद करत होत्या.

"मावशी, तो नको! तेवढा नका बंद करू!"

"का गं, सोनं राहिलंय त्यात?"

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याने टाइप केलेली ओळ तशीच होती: 'नाही कसं म्हणू? सहापर्यंत पुढच्या फाटकाशी उभा आहे, आला नाहीत तर गंमत केलीत असं समजेन.'

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती जिन्यावरून अक्षरशः पळाली.

तो फाटक सोडून कोपऱ्यापर्यंत गेला होता. हाक मारताना तिचा आवाज फाटला. तो वळला. तिने कागद पुढे केला. तो वाचून त्याचा चेहराच उतरला.

"हे वाचून गेलात?"

"चूक माझ्या प्रोग्रामची होती. तुमचा पहिलाच शब्द घेतला त्याने."

"आणि मी इथे समजत होतो, तुम्हीच नाही म्हणालात."

तिची बस आली, थांबली, गेली.

"मला खोलीवर जायचं नाहीये," ती म्हणाली. "तिथे कुणीच नसतं हो… आणि मला तुम्ही आवडता."

"माझ्याकडेही कुणी नसतं," तो म्हणाला, आणि तिची पिशवी त्याने आपल्या खांद्याला अडकवली.