दोनदा संध्याकाळ झालेला दिवस

आधी वास आला, मग माणूस.

आंबट, उन्हात वाळलेला, जिभेच्या कडांना पाणी सोडणारा वास. रविनाने संगणकावरून मान वर केली तेव्हा दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्याला आमचुराची पिशवी, हातात फोन; आणि फोन असा सांभाळून धरलेला, की जरा कलला तर त्यातलं काहीतरी सांडेल.

"शेजारचं झेरॉक्स बंद आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे प्रिंट मिळेल?"

"कशाची?"

"रिटर्न नाकारल्याची. बँकेत दाखवीन म्हणतो. मी भरलं होतं… त्यांनीच घेतलं नाही."

रविनाला हसू आलं. अक्कलकुव्याच्या बसस्टँडसमोरच्या या छोट्या ऑफिसात ती पॅन कार्डं, दाखले आणि आयकराची रिटर्न भरून द्यायची. नाकारलेलं रिटर्न लोक खिशात दडवून आणत. हा मात्र ते मिरवायला निघाला होता.

"बसा," ती म्हणाली. "प्रिंट नंतर. आधी बघू, का नाकारलं ते."

त्याचं नाव अजित वसावे, गाव मोलगी. डोंगरातल्या घराघरांतून आमचूर गोळा करून तो खालच्या व्यापाऱ्यांना विकायचा. यंदा त्याला उन्हावर चालणारं वाळवणयंत्र घ्यायचं होतं. कैऱ्यांच्या फोडी रस्त्याकडेला वाळत घातल्या की जीपची धूळ बसते आणि भाव पडतो. बँक म्हणाली, आधी रिटर्नची पावती आणा. मग त्याने फोनवर स्वतःच रिटर्न भरलं, घरामागच्या टेकाडावर बसून, कारण रेंज तिथेच मिळायची.

"भरलं ते बरोबर भरलंय," रविना पडद्यावरून बोट फिरवत म्हणाली. "पण पडताळणी झाली नाही. आधारशी जुळत नाही म्हणून ओटीपी आलाच नाही. मुदत टळली आणि रिटर्न अवैध ठरलं." ती थांबली. "तुमचे दोन जन्म झालेत."

"एवढेच?"

"पॅनवर एक जून. आधारवर एक जानेवारी."

"हां…" तो मान डोलवत म्हणाला. "एक जून गुरुजींनी दिली. आमच्या वर्गात सगळ्यांना तीच दिली. आणि आधारच्या शिबिरात त्यांनी साल विचारलं, मी साल सांगितलं. जानेवारी त्यांच्याकडची."

"माझीही एक जून," रविना म्हणाली. हे सांगायची काही गरज नव्हती.

"मग आपण जुळे."

"साल वेगळं आहे," ती चटकन म्हणाली, आणि मग उगाचच कळफलकाकडे बघत राहिली.

खरं तर काम तिथेच संपत होतं. शाळेच्या दाखल्यावरून आधार दुरुस्त करायचं, पॅनशी जोडायचं, डिसेंबरअखेरच्या आत नवं रिटर्न भरायचं. पण रविना भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली. दोन मोजमापं आली आणि दोन्ही चुकीची निघाली, तर तिसरं विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

"आणि खरी तारीख?"

अजितने खिडकीबाहेर पाहिलं. मोलगीची जीप भरत होती, टपावर कोणीतरी कोंबड्यांची टोपली चढवत होतं.

"आई म्हणते, मी झालो त्या दिवशी दोनदा संध्याकाळ झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे… आई म्हणते." तो हसला. "लहान होतो तेव्हा खरं वाटायचं."

तो गेला. वास मात्र ऑफिस बंद होईपर्यंत रेंगाळला, आणि त्या वासाबरोबर ते वाक्यही.

•

मग तो येत राहिला. एकदा दाखला घेऊन, एकदा दाखल्याचा फोटो पुसट आला म्हणून. आधार केंद्राची पावती दाखवायला एकदा. आणि एकदा… त्या दिवशी कशासाठी आला होता ते दोघांपैकी कोणीच नीट सांगू शकलं नसतं. दर वेळी तो एक आमचुराची फोड टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि म्हणायचा, "ही कुठल्या झाडाची, ओळखा." रविना ओळखायची नाही. पण चाखायची.

ऑफिसचे मालक जगदीशकाका आतल्या खोलीतून सगळं बघत. त्यांनी त्याचं बारसंही करून टाकलं होतं.

"रविना, तुन्हा एक जून उना वं," ते आतूनच ओरडायचे. "कागद देवाले उना का कागदनं निमित्त करी ऱ्हायना?"

"काम शे त्यानं, काका."

"काम तर शेच. कोन्हं शे, ते इचारी ऱ्हायनू."

अजित मान खाली घालून पावती घडी करायचा. आधीच घडी केलेली पावती.

रात्री भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या रविना स्वतःशी सरळ हिशोब मांडायची. रिटर्न स्वीकारलं गेलं, तर त्याला यंत्र मिळेल आणि तो यायचा थांबेल. नाही स्वीकारलं, तर तो येत राहील आणि आंब्याचा बहर पुन्हा धुळीत वाळेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असणं शक्य नव्हतं. तिला दोन्ही हव्या होत्या.

•

थंडी पडायला लागली तेव्हा जगदीशकाकांनी मोलगीच्या बाजारात टेबल मांडलं. डोंगरातल्या लोकांना कागदासाठी खाली यायला नको, म्हणून बाजाराच्या दिवशी ते वर जात. या वेळी रविना बरोबर निघाली. घाटात सागाच्या पानांवर दव होतं, वळणावळणाला धुकं जीपच्या काचेला गाल लावून जात होतं.

अजितची आई दिवलीबाई बाजारात सीताफळं घेऊन बसली होती. तिने रविनाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तीच का ही? कागदवाली?"

"याहा…" अजित आईला थांबवत पुटपुटला.

"मग काय झालं? नाव तर सांगत नाहीस, नुसतं कागदवाली, कागदवाली." तिने एक पिकलेलं सीताफळ फोडून रविनाच्या हातावर ठेवलं. "खा. आणि विचार. काहीतरी विचारायला आलीस, दिसतंय."

ती डोंगरातल्या बोलीत बोलत होती. रविनाची घरची बोली थोडी वेगळी, पण समजायला अडचण नव्हती. गेले कित्येक दिवस बोलत असलेली ऑफिसातली मराठी बाजूला ठेवून तीही मग घरच्यासारखी बोलू लागली.

"मावशी, दोनदा संध्याकाळ कशी झाली?"

दिवलीबाईचे हात सीताफळांवर थबकले.

"पावसाळा होता. दुपार कलली आणि पोटात कळा सुरू झाल्या. मग अंधार झाला. रात्रीसारखा नाही गं… वरून कोणी घोंगडी टाकावी तसा. कोंबड्या येऊन बसल्या, गाय हंबरत परत आली. सासू म्हणाली, दिवा लाव. कोणी दिवा लावेपर्यंत हा रडला. आणि हा रडला तसं बाहेर परत उजाडलं. कोंबड्या पुन्हा अंगणात. मग थोड्या वेळाने खरी संध्याकाळ झाली." तिने अजितकडे पाहिलं. "हा हसतो. मी सांगते आणि हा हसतो."

"सूर्य दिसत होता?"

"ढग होते भरून. कुठला सूर्य?"

रविना उठली. तिच्या बोटांना सीताफळाचा गर तसाच चिकटलेला होता.

"रेंज कुठे मिळते?" तिने अजितला विचारलं.

घरामागचं टेकाड फार उंच नव्हतं, पण चढताना तिला धाप लागली. वर एक सपाट खडक होता आणि भोवती वाळलेलं पिवळं गवत, वाऱ्यावर एकाच दिशेला झुकलेलं. कामाचा टॅब गुडघ्यावर ठेवून ती शोधत राहिली. अजित शेजारी बसला, मधे एक वीत जागा सोडून.

"बघा," ती हळूच म्हणाली.

पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यावर एक राखाडी पट्टा. समुद्रातून निघालेला, युरोपावरून, इराणवरून, गुजरातवरून सातपुड्याकडे आलेला.

"अकरा ऑगस्ट, एकोणीसशे नव्व्याण्णव. सूर्यग्रहण. इकडे आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. वर ढग होते, म्हणून कुणाला ग्रहण दिसलं नाही… नुसती सावली दिसली. सावली सरकली, पुन्हा उजाडलं. तासाभराने सूर्य खरोखर मावळला." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही चंद्राच्या सावलीत जन्मलात."

अजितने तो राखाडी पट्टा बोटाने समुद्रापासून सातपुड्यापर्यंत गिरवला. खाली बाजाराचा गलका चालू होता, इथवर येईतो त्याचा नुसता गुंजारव उरत होता.

"आई खरंच सांगत होती," तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं."

"हो."

"हे आधारवर टाकता येईल?"

"नाही. सूर्याचा दाखला आधार केंद्रात चालत नाही."

तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. रविनाने ते न पाहिल्यासारखं केलं.

आधारवर आता एक जून लागली होती, पॅनशी जोडणीही झाली होती. रिटर्न कालच तयार करून ठेवलं होतं. रेंज होती, तो होता, वेळ होता. तिने बटण दाबलं. अजितच्या फोनवर ओटीपी वाजला.

"सांगा."

"चार."

"चार."

"शून्य," तो म्हणाला. वाऱ्याने तिची बट तोंडावर आली. "सात. सात. एक…"

"आणि शेवटचा?"

त्याने अंगठ्याने तो आकडा झाकला.

"शेवटचा आकडा?"

"नाही सांगितला तर?"

"तर पुन्हा अवैध."

"मग मला पुन्हा यावं लागेल," तो फोनकडे बघत म्हणाला. "खाली. तुमच्याकडे."

रविनाचं बोट पडद्यावर तरंगत राहिलं. मनातल्या हिशोबाची एक बाजू त्याच्या तोंडून आली होती, तेव्हा दुसरी तिलाच बोलावी लागणार होती.

"आंबे थांबणार नाहीत," ती म्हणाली.

"…नऊ."

•

डिसेंबरात रिटर्न स्वीकारलं गेलं. तिने ते ऑफिसच्या पडद्यावर पाहिलं, आणि त्याच दुपारी त्याचा निरोपही आला: "झालं. आभार." पुढे जोडलेले हात. तिला त्या हातांचा इतका राग आला की तिने फोन पालथा घातला.

मग काही नाही. मोलगीच्या जीपा येत होत्या, भरत होत्या, जात होत्या. रविना दाखल्यांचे फोटो इतके स्पष्ट काढायला लागली होती, की कुणालाच परत यावं लागत नव्हतं.

"एक जून दिखस नही वं हल्ली?" जगदीशकाकांनी एकदा विचारलं. तिचा चेहरा पाहून पुन्हा विचारलं नाही.

आणि एका संध्याकाळी, उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याने कुरकुरत चालले असताना, आधी वास आला.

तिने मान वर केली नाही. भीती वाटली.

"यंत्र मंजूर झालं," दारातून आवाज आला.

"अभिनंदन," ती पडद्याला म्हणाली. "एवढे दिवस त्यातच होतात?"

"नाही. धानोऱ्याला गेलो होतो."

आता मात्र तिने पाहिलं. धानोरा तिचं गाव.

"माझ्या घरी?"

"तुमची तारीख राहिली होती ना." तो समोरच्या खुर्चीवर बसला. "तुमच्या आईला विचारलं, रविना कधी झाली. म्हणाल्या, गुजरातेत, उसाच्या फडावर. थंडी होती, पाचट पेटवून तुम्हाला शेकत बसल्या होत्या. बस. ग्रहण नाही, पूर नाही, काहीच नाही. मी फार खोदून विचारलं."

"मग?"

"मग त्यांनी मला विचारलं. म्हणाल्या, नुसता वाढदिवस विचारायला इतक्या लांब कोण येतं?"

रविनाने पेन उचललं, खाली ठेवलं. "तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं…" त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "ज्याला पुढचे सगळे वाढदिवस बघायचे आहेत, तो."

बाहेर ट्रॅक्टर गेला. खोलीत उसाचा गोड ओला वास आला आणि आमचुराच्या वासात मिसळला.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला काय सांगतोस, तिला विचार." तो पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलला, तिच्या घरच्या, अडखळत, कुठेतरी शिकून आल्यासारखा. "विचारतोय, रविना."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दिवे लागायचे होते. उजेड अजून पुरता गेला नव्हता.

"थंडी होती म्हणाली?"

"हो."

"आणि ऊसतोड चालू होती."

"हो."

"म्हणजे दिवाळीनंतर, होळीच्या आत. कुठलाही दिवस." ती स्वतःशीच बोलत असल्यासारखी मोजत होती. "आजचा त्यात बसतो."

"बसतो…?"

"पुरावा नाही. पण चूक आहे असंही कुणाला दाखवता येणार नाही." तिचे कान तापले होते. "मग आजच. आज माझा वाढदिवस. सगळे बघायचे आहेत ना तुला? पहिला हा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जगदीशकाका दारात येऊन उभे राहिले होते.

"तुन्ही तर एक जून व्हती ना वं?"

"ती सरकारनी, काका," रविना म्हणाली. "हाई मन्ही."

काका चपला घालून, कुणी न विचारताच, जिलेबी आणायला गेले.

अजितने पिशवीत हात घातला आणि एक फोड काढून टेबलाच्या कडेला न ठेवता थेट तिच्या तळहातावर ठेवली. "कुठल्या झाडाची, ओळख."

"टेकाडामागच्या," ती म्हणाली.

तिथे झाड आहे की नाही, हेही तिला आठवत नव्हतं. तिने फोड तोंडात टाकली. इतकी आंबट होती की डोळे आपोआप मिटले, भोवती क्षणभर अंधार झाला. ते उघडले तेव्हा उजेड अजून होता, आणि तो तिथेच बसलेला होता.