कंप्रेसरचा हिरवा दिवा

मला खरं तर शेजारच्या खोलीत जायचं होतं, कीबोर्ड भाड्याने घ्यायला. घाईत चुकीचं दार ढकललं.

“दार लावा! आवाज बाहेर जातोय.”

लावलं… आणि आतच राहिले. समोर आवाजाच्या यंत्रांच्या गराड्यात डोळे मिटून एक तरुण बसला होता. एकच चाल दोनदा वाजली.

“पहिलं बरं की दुसरं?” त्याने डोळे न उघडताच विचारलं.

“दुसरं.”

“का?”

“मोठ्याने वाजतंय म्हणून.”

आता मात्र डोळे उघडले. काय डोळे होते!

“सकाळपासून चार जण म्हणाले, दुसऱ्यात खोली आहे, गोडवा आहे. तिथे आवाज नुसता मोठा आहे हे कुणालाच कळलं नाही,” तो म्हणाला आणि हसला. कीबोर्ड मी विसरलेच.

पुढच्या शनिवारी मी माझं गाणं त्याच्याकडून नीटनेटकं करून घ्यायला गेले. घरच्या संगणकावर केलेलं, नाचायचं, पहिलंवहिलं. त्याच्याकडे तीन कंप्रेसर होते. काम तिघांचं एकच, उसळणारा आवाज दाबायचा. स्वभाव मात्र वेगळे. पहिला झटकन पकडायचा, ठोका अगदी टणक करायचा. दुसरा सावकाश, पण त्यातून सगळं मऊ होऊन यायचं. तिसरा प्रत्येक ठोक्याला बाकीचे सूर खाली दाबायचा आणि लगेच सोडायचा, की वाटावं, गाणं श्वास घेतंय.

“दुसरा तुझ्यासारखा आहे,” मी म्हणाले.

“मऊ?”

“नाही. समोर काही झालं तरी कळायला वेळ लागतो.”

त्याचे कान लाल झाले. माझ्या दादाने त्याचं नाव ‘कानसेन’ ठेवलं होतं ते काही उगाच नाही. “एक गाणं आणि तीन शनिवार?” दादा म्हणाला. “गाणं करतेस की संसार मांडतेस?” मी त्याला उशी फेकून मारली.

तिसरा शनिवार शेवटचा. पाच वाजेपर्यंत गाणं ते प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीला गेलं नाही, तर त्यांची नव्या गाण्यांची यादी बंद. आणि गाणं गेलं की मला इथे यायला निमित्तच उरणार नव्हतं. सगळी रडकथा हीच होती.

आम्ही तिसरा कंप्रेसर घेतला. एका खुर्चीला दुसरी चिकटलेली. तो बटण केसभर फिरवायचा. “आता?”

“हं… थोडं ऊबदार.”

“आणि आता?”

“अजून थोडं…”

“हो, मलाही वाटलं!”

असा अख्खा तास गेला. साडेचारला त्याची नजर कंप्रेसरच्या कोपऱ्यात गेली आणि चेहराच पडला. हिरवा दिवा बंद होता. कंप्रेसर सुरूच केला नव्हता, आवाज नुसता आरपार जात होता.

“तासभर… आपण काहीच बदललं नाही?” त्याने डोक्याला हात लावला. “आणि मला फरक ऐकू येत होता! कान गेले माझे. हा धंदाच सोडतो.”

“कान ठीक आहेत तुझे.” म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “दिवा बंद आहे ते मला मघाशीच दिसलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर… गाणं झालं असतं ना.”

तो बघतच राहिला. त्याला कळायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. मग कळलं. कानांपासून गळ्यापर्यंत कळलं.

त्याने दिवा लावला. गाण्याने श्वास घेतला, आणि मीही. पाचला चार मिनिटं असताना ते गेलं.

“दुसरं गाणं आहे तुझ्याकडे?” त्याने कंप्रेसरकडे बघत विचारलं.

“नाही.”

“मग… उद्या गाण्याशिवायच ये ना. मला तू आवडतेस. हे काही कुठे दाबून ठेवता येत नाहीये.”

मी होकाराची मान डोलावली. घरी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर आतलं संगीत रस्त्यापर्यंत येत होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओरडणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं.