वर चढलेलं अक्षर

"पाचच्या आत पैसे भरले नाहीत तर ह्यांचं उद्याचं ऑपरेशन रद्द," बाई म्हणाली. "आणि पतसंस्था कर्ज देत नाही. मी कुणाला तरी जामीन आहे म्हणे, आणि ते कर्ज थकलंय. ताई, मी जन्मात कुणाला जामीन राहिले नाही."

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईने तो डाव्या हाताने घेतला. उजवा मांडीवरच्या पिशवीखालीच राहिला.

"काम काय करता?"

"शिवणकाम करायचे. तीन वर्षांपूर्वी मशीन सुटलं. आता टेलरकडे कपड्यांच्या घड्या घालते."

ताई खासगी तपास करत. धाकटा भाऊ त्यांची टिपणं ठेवी.

"विसरली असेल सही करून," वाटेत तो हळूच म्हणाला.

"तू चष्मा विसरतोस, म्हणून जग विसरभोळं नाही."

पतसंस्थेत चार वाजता कर्ज समिती बसायची होती. क्लार्कने गेल्या वर्षीचं जामीनपत्र काढलं. सहीला वीतभर जागा होती. तरी शेवटचं अक्षर बाकीच्यांच्या डोक्यावर चढून बसलेलं.

"सही कुणी तपासली?"

"मीच. नमुना कार्डाशी तंतोतंत जुळली. कार्ड सचिवसाहेबांच्या कपाटात असतं. ते हातात धरून दाखवतात आणि परत ठेवतात. किल्ली त्यांच्याकडेच."

समितीच्या अध्यक्षबाई खाली बघत म्हणाल्या, "सही जुळल्याचा शेरा होता, आम्ही कर्ज मंजूर केलं. जामीनदाराला समोर बोलावलं नाही. चुकलंच."

सचिव मात्र हसतमुख होते. "अहो, ह्या इथेच बसल्या होत्या. माझंच पेन घेतलं, झरझर सही केली आणि गेल्या. अंगाशी आलं की सगळेच विसरतात."

"मी नाही हो विसरले. तिकडे माझं माणूस..." बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

साडेचार होत आले. ताईंनी कार्ड मागून घेतलं. दहा वर्षांपूर्वीचं, सहीची चौकट जेमतेम दोन बोटांची.

"इथे जागा संपली, म्हणून बाईंनी शेवटचं अक्षर वर लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या. "जामीनपत्रावर जागाच जागा, तरी ते वर चढलं. कुणीतरी कार्ड समोर ठेवून सही गिरवली."

"सवय असेल की," भाऊ म्हणाला.

"असती, हात धड असता तर. बाई, पिशवी बाजूला घ्या."

उजव्या हाताची तीन बोटं आत वळून ताठ झाली होती.

"मशीनच्या पट्ट्यात सापडला," बाई पुटपुटली.

"तीन वर्षांपूर्वी. मशीन तेव्हाच सुटलं. आणि सचिवसाहेब, गेल्या वर्षी ह्याच हाताने तुमच्यासमोर झरझर सही झाली?"

सचिवांचा हात किल्लीच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. "कर्जदार माझा मेव्हणा," ते शेवटी म्हणाले. "फेडतो म्हणाला होता."

अध्यक्षबाईंनी किल्ली मागून घेतली. जामीनपत्रावर 'बनावट' असा शेरा मारला आणि बाईचा अर्ज समितीपुढे ठेवला. मंजूर झाला. पावणेपाच.

बाईने डाव्या हाताने सही केली. क्लार्कने सवयीने ती कार्डाशी ताडली आणि त्याचा चेहरा उतरला. "जुळत नाही."

"मग कार्ड बदला," ताई म्हणाल्या.

कोरं कार्ड आलं. बाईला एका हाताने ते धरवेना. लिहिताना सरकत होतं. क्लार्क वाकला आणि त्याने दोन बोटांनी कार्ड दाबून धरलं.