साडेदहाची हजेरी

पटत नसेल तर इथंच थांबा. मला कुणाला घाबरवायचं नाही. माझ्या चुलतभावाच्या, नागसेनच्या बाबतीत जे घडलं तेच लिहितोय.

२६ ऑगस्ट २०००. शनिवार. शिरूर तालुक्यातलं भीमाकाठचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही.

वेळ भर दुपारची. भुतं अंधारातच येतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी ओव्हाळ गुरुजींचा पहिला स्मृतिदिन होता.

गुरुजी आमच्याच वस्तीतले, एकटा जीव. चौथीपर्यंत आम्हाला त्यांनीच शिकवलं. रिटायर झाल्यावर दर रविवारी नागसेनच्या घरी जेवायला. नागसेनचं नाव त्यांनीच ठेवलेलं, एसटीतल्या नोकरीचा फॉर्मही त्यांनीच भरलेला. नागसेनची आई, अंजनाकाकी, त्यांच्यासाठी एक कडक भाकरी बाजूला काढून ठेवायची.

गुरुजींनी कधी छडी उगारली नाही. पण खोटं बोललं, की दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या हजेरीत त्या पोराचं नावच घ्यायचे नाहीत. पोर समोर बसलेलं, अन् गुरुजी पुढच्या नावावर. खरं सांगितलं की मगच नाव.

छडी परवडली असती.

गुरुजी नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये गेले. आम्ही त्यांना गावच्या स्मशानभूमीत न्यायला निघालो, तर वीस-पंचवीस जण वाटेत आडवे. पुढं बापूसाहेब. आमच्याच वर्गातला, गुरुजींनी हात धरून गिरवायला शिकवलेला.

"तुमची जागा नदीकडं हाय," म्हणाला.

नदीकाठी चिखल, वरून पाऊस. लाकडं ओली. शेवटी टायर टाकून गुरुजींना पेटवलं. नागसेन चितेवर पत्रा धरून उभा होता. त्याच्या तळहाताला फोड आले.

वर्षभरात तोच बापूसाहेब सरपंच झाला. आता त्याला शाळेत गुरुजींचा फोटो लावायचा होता. पाहुणे येणार, पेपरवाले येणार.

"नागसेन, लेका तू चार शब्द बोल," बापूसाहेब म्हणाला. "मागलं उकरू नको. वैनीच्या अंगणवाडीतल्या नोकरीचा कागद माझ्याच टेबलावर हाय, म्हाईत हाय ना?"

नागसेन उठला. सकाळची शाळा सुटलेली, वर्गांना कुलपं. पटांगणात मांडव.

तो बोलला, "गावानं... गुरुजींना खांद्यावर नेलं. मानानं."

टाळ्या पडल्या.

अन् टाळ्यांखालून...

"खंडू..."

आवाज चौथीच्या वर्गातून येत होता. कुलूप तर समोर दिसत होतं. नागसेनशिवाय कुणालाच तो ऐकू येत नव्हता.

"गीता..."

तोच घोगरा आवाज. नाव घेऊन थांबायची तीच सवय.

नागसेन कान देऊन ऐकत राहिला. आता आपलं नाव...

"संपत..."

त्याचं नाव घेतलंच नाही.

बापूसाहेबाचंही नाव आलं नाही. आपण अन् तो एकाच रांगेत बसलो, हेच नागसेनला जास्त झोंबलं.

सोमवारी शिरूर डेपोत साडेदहाला पुन्हा तेच. गाड्यांचा गोंगाट, प्रवाशांची भांडणं, अन् त्या सगळ्याच्या आत हजेरी. रोज. सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा. त्याचं नाव तेवढं नाही.

महिनाभरात माणूस निम्मा झाला. शेवटी त्यानं बायकोला, करुणावैनीला, सगळं सांगितलं.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग खरं सांगून टाका की. अंगणवाडी गेली तर खुरपं हाय माझं."

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नागसेन उभा राहिला. रस्ता कुणी अडवला, टायर का टाकावा लागला, सगळं बोलला. नावं घेऊन.

कुणी टाळी वाजवली नाही. वैनीची जागा आठ दिवसांत दुसरीला गेली.

पण तीन तारखेला, साडेदहाला...

"नागसेन..."

डेपोतल्या टेबलावर डोकं ठेवून तो रडला. संध्याकाळी माझ्याकडं आला. चेहरा उजळलेला.

"घेतलं रं नाव! उद्या 'हजर' म्हणणार हाय."

मी सहज विचारलं, "बाकीची म्हणत्यात का हजर?"

"समदी न्हाई. खंडू गप, गीता गप. दोघंच म्हणत्यात. संपत, आन्..."

तो थांबला.

"...हरिबा."

संपत ९४ साली नगर रोडवर ट्रकखाली गेला. हरिबा त्याच्या पुढच्या वर्षी विहिरीत सापडला.

खंडू अन् गीता जिवंत आहेत.



याला आज सहा वर्षं झाली. रोज साडेदहाला गुरुजी हाक मारतात. नागसेन तोंडावर हात दाबून बसतो. ज्या माणसानं आपल्याला नाव दिलं, त्याला ओ देत नाही. रविवारी काकी अजून ती भाकरी बाजूला काढते. तो त्या भाकरीकडं बघत नाही.

मी त्याला खूप गोष्टी विचारल्या. एक मात्र विचारलेली नाही.

मीही त्याच वर्गातला. त्या दुपारी मांडवात, नागसेनच्या खोट्यावर, मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

हजेरीत माझं नाव येतं का...?