बिनवासाची पट्टी

हिंग ओळखायला शाळा लागत नाही. मी सातवी शिकलो, तीही वडील भिकमचंद यांच्या धाकाने. पुढचं सगळं नाकाने शिकलो. जळगावच्या दाणाबाजारात आमचं मसाल्याचं दुकान. एकदा भुसावळच्या फलाटावर एका अनोळखी माणसाच्या बंद पेटीशेजारी बसलो होतो. म्हटलं, "भाऊ, तुमच्या हिंगात निम्मा मैदा आहे." तो पेटी उचलून फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पुढे त्याच्याशीच मी पंधरा वर्षं व्यवहार केला.

ते नाक सहा वर्षांपूर्वी गेलं. एका सकाळी दुकानाचं शटर वर केलं, आत पाऊल टाकलं, आणि एखाद्या रिकाम्या गोदामात शिरल्यासारखं वाटलं. पुढे उजवा हात थरथरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. पुष्कळदा आधी नाक जातं, मागून हात.

नाकानंतर दोन वर्षांनी सज्जनबाई गेली. बावन्न वर्षांचा संसार आमचा. तिच्या हातांना पापडखाराचा वास असायचा, बोटांत हिंग मुरलेला, आणि डोक्याला ती तिळाच्या तेलात ओवा जाळून ते तेल लावायची, सर्दीचा त्रास होता म्हणून. मी दुकानातून आलो की जिन्यावरच मला कळायचं, आज तिचं डोकं दुखतंय की नाही. शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो आणि मला तिचा कसलाच वास येत नव्हता. समोर माणूस आहे, पण बायको नाही, असं झालं होतं. नंतर कितीदा तरी तिच्या साड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून उभा राहिलो. पत्र्याचा गारवा लागायचा, बस.

म्हणून ललित डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं तेव्हा मी एकच प्रश्न केला. "नाक परत येईल?"

"सांगता येत नाही, रुपचंदकाका. तेच तर तपासायचंय. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कोणती ते मलाही कळणार नाही."

सही केली. दीड वर्ष, दर महिन्याला एक दुपार.

क्लिनिकच्या मागच्या बाजूला वासाची खोली होती. तिथे पंखा नाही, एसी नाही. खिडकीला जाड काळा पडदा, कारण बाहेर उन्हात तापलेल्या डांबराचाही वास आत यायला नको. मे महिन्यातली दुपार, आणि आत मात्र दिवेलागणीसारखा अंधार. दोन टेबलं. एकावर मी, दुसऱ्यावर तेरसिंग. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. घरात पावरी बोलायचा, आमच्याशी बाजारातली खान्देशी. हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायचा, आणि त्यावर तोच हसायचा. "शेठ, तुमना डावा चांगला, मना उजवा चांगला. दोन्ही मिळीसन एक माणूस व्हई."

चाचणी सांभाळणारी शीतल प्रत्येकाला बारा पाकिटं द्यायची. पाकीट फोडायचं, आतली कागदी पट्टी नखाने खरवडायची, नाकाशी धरायची आणि वास सांगायचा. बाराव्या पट्टीच्या वेळी ती उत्तरांच्या कागदाकडे बघतच नाही, हे मी दुसऱ्या महिन्यात हेरलं. विचारल्यावर हसली. "काका, तुम्ही पण ना! ती कोरी असते. कुणाला सांगू नका."

कोरी. पण मला अकरा पट्ट्यांना काहीच वास येत नव्हता आणि बाराव्या पट्टीला येत होता.

गोडूस, आंबूस, सारवलेल्या जमिनीवर फुलं सुकत घातल्यासारखं काहीतरी. त्यामागे धूर. त्यामागे शेळी. सहा वर्षांनी नाकात काहीतरी शिरलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हा वास माझ्या आयुष्यातला नव्हता.

बाहेर बाकावर मी हे तेरसिंगला सांगितलं. त्याचं हसू थांबलं.

"मोहना फुलं," तो म्हणाला. मोहाची फुलं, त्यांच्या रानातली. "ती मनी बायको शे, धनीबाई. दहा साल व्हयनात तिले जाईसन."

मग खाली बघत म्हणाला, "शेठ, मनी पट्टीले बी वास शे. भिजाडेल राख. हिंग. आन तेलमा ओवा जळेल..."

बाकाची कड मी घट्ट धरली. पापडखार त्याने कधी पाहिला नसावा. त्याला तो वास ओल्या राखेचा वाटला, आणि खरंच, तो तसाच असतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नाक गेलं की मेंदू जुने वास उकरून काढतो. या तुमच्याच आठवणी आहेत, काका."

"माझ्या आहेत, तर त्याच्याकडे कशा?"

ते हसले. त्यांनी माझा रक्तदाब मोजला.

त्यानंतर महिन्यातून एक दुपार मी त्या बाकासाठीच जगायचो. तेरसिंग मला माझी बायको सांगायचा. आज ओवा जास्त शे. आज हिंग कमी, डोकं दुखत व्हई. मी त्याला त्याची सांगायचो. चार महिने असे गेले, आणि मग माझ्यातला व्यापारी जागा झाला. माल चुकीच्या पत्त्यावर गेलाय, तर अदलाबदल करायची, एवढं साधं!

पाचव्या महिन्यात शीतल फोन घ्यायला बाहेर गेली. मी माझं बारावं पाकीट सरकवलं, त्याचं ओढून घेतलं.

"नको, शेठ."

"अरे, तुझी तुला, माझी मला. कुणाचं काय जातंय?"

खोलीत आवाज फक्त दोन नखांचा. खर्र... खर्र... मी डोळे मिटून पट्टी नाकाशी नेली.

मोह. धूर. शेळी. आणि या वेळी जवळून, कुणी खांद्यावरून वाकून बघावं इतकं जवळून.

तेरसिंगने पट्टी खाली ठेवली होती. "पट्टीमा काही नही, शेठ," तो हळूच म्हणाला. "पट्टी कोरीच शे."

"मग?"

तो त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. त्याचा हात थरथरायचा थांबला होता. अगदी थांबला होता.

"ती सांगस... चार साल तुमनाजोडे बठेल व्हती. दुकानमा, जेवताना. तुमले कळनंच नही. मंग उठनी, आन मनाजोडे ईसन बठनी."

मी त्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "तिला म्हणावं, मला नाकच नव्हतं गं. म्हणावं... घरी चल."

तो बराच वेळ ऐकत राहिला. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर पडली होती, ती जरा हलली.

"ती नही सांगस. तुमनाजोडे आते जागा नही. तठे धनीबाई बठेल शे."

शीतल आली. कागदावर दोघांपुढेही तिने बारावी पट्टी बरोबर, अशी खूण केली. आम्ही दोघांनी सांगितलं होतं, वास नाही.

पुढच्या महिन्यात तेरसिंग आला नाही. आला तो त्याचा मुलगा रोहिदास, आमच्या घरी, पत्ता विचारत. आश्रमशाळेत शिक्षक आहे, नीट बोलणारा माणूस. "बाबा गेले," म्हणाला. पाणी प्यायला, आणि मग अवघडत बोलला. "शेठजी, एक विचारायचं होतं. शेवटच्या तपासणीहून परतले त्या दिवशी बाबांबरोबर बसमधून एक आजी उतरल्या. डोक्यावरून पदर. तुमच्याकडच्या असतील असं वाटलं. दहा दिवस होत्या, बाबांच्या उशाशी बसायच्या. बोलायच्या फार कमी. बाबा गेले त्या दुपारपासून दिसल्या नाहीत. त्यांनी अंगणात घातलेले पापड तेवढे राहिले."

त्याने फडक्यात बांधलेली चळत माझ्या हातात ठेवली.

तो गेल्यावर सुनेला, पलकला, म्हटलं, "एक भाज."

गॅसवर पापड फुलला आणि घरातली माणसं आपापल्या खोल्यांतून बाहेर आली. मुलगा दारात उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला. "आईच्या हातचा," एवढंच म्हणाला. मी पापड नाकाला लावला. काही नाही. तोडून खाल्ला. काही नाही. जग तिच्या वासाने भरलं होतं आणि मी तेवढा बाहेर उभा होतो.

तेरसिंगला न्यायला माझी बायको गेली होती. म्हणजे मला न्यायला...

पलक दुसरा पापड घेऊन आली आणि माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर थबकली. नाक आक्रसलं. "बाबूजी... हा दुसरा कसला वास? गूळ आंबल्यासारखा... इथेच येतोय, तुमच्याजवळ..."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डाव्या बाजूला बघत होती. आमच्या घरात सुना आता डोकं झाकत नाहीत. ती रीत सज्जनबाईनेच मोडली होती. पलकने ताटली खाली ठेवली, आणि घरात कुणी अनोळखी, वडीलधारी बाई आली की घेतात, तशी ओढणी हळूच डोक्यावर घेतली.