चौथा प्रश्न

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्यांच्या घरात हे घडलं ते मिस्त्री आजही त्याच घरात राहतात. पटलं तर बघा.

तो शनिवार होता. दुपार टळत आली होती.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. एका जुन्या इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ते तेल-ग्रीसमध्ये हात घालून बसले होते.

फोन वाजला.

"मी कॉम्प्युटर क्लासचा सर बोलतोय. काकू खुर्चीत बसल्या होत्या. कोड लिहीत होत्या. मला वाटलं डुलकी लागली..."

"...हलवलं, तेव्हा कळलं. काकू गेल्या."

मिस्त्रींनी हात पुसले. अवजारं पेटीत भरली. लिफ्ट चालू करून दिली, रजिस्टरवर सही केली आणि मग निघाले. तेव्हाही त्यांना रडू आलं नाही. नंतरही नाही.

काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर उभ्याने काम. पन्नाशी उलटल्यावर तिने पायथॉन, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहायची भाषा, शिकायला घेतली. लेकीने एकदा चेष्टा केली होती, "आई, तुला जमायचं नाही." एवढं पुरलं.

क्लासमध्ये प्रत्येकाला एक प्रश्नमंजुषा बनवायची होती. तिने नवऱ्यासाठी बनवायला घेतली.

"अहो मिस्त्री, तुमची परीक्षा घेणार आहे. स्वतःच्या घरातलं तुम्हाला काय माहितीये ते कळू दे एकदा."

"नापास झालो तर?"

"पास होईपर्यंत उठायचं नाही."

तिचा लॅपटॉप घरी आला तो सरांच्या हातून. झाकण बंद होतं, पण आत तो चालूच होता.

सगळी पांगापांग झाल्यावर मिस्त्रींनी तो उघडला.

पडद्यावर पहिला प्रश्न होता.

"घराची दुसरी किल्ली कुठे असते?"

मिस्त्रींनी एका बोटाने टाइप केलं. मीटरच्या पेटीत.

"बरोबर."

आणि खाली परत... "घराची दुसरी किल्ली कुठे असते?"

पुन्हा तेच उत्तर. पुन्हा बरोबर. पुन्हा तोच प्रश्न.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली तेव्हा पडदा भरून गेला होता.

"बाबा, किती वेळ करताय हे?"

"बरोबर म्हणतंय, पण पुढे जात नाहीये."

लेकीने कोड उघडला. "आईने लूपमधून, या गोल गोल फिरण्यातून, बाहेर पडायला वाटच ठेवली नाहीये. उत्तर बरोबर आलं की थांबायला 'ब्रेक' लिहावा लागतो. तो घातलाच नाही."

"म्हणजे लिफ्टला लिमिट स्विच नाही. वरच्या मजल्याला पोचली तरी मोटर ओढतेच आहे."

"तसंच. आणि हे बघा, आत सरकवलेल्या ओळींना चार स्पेस देतात. आई तीन द्यायची. सर बोलून थकले असतील."

"ती कुणाचं ऐकायची?"

दोघं जरासे हसले. 

लेकीने ब्रेक घातले. सगळ्या ओळी चार स्पेसनी नीट लावल्या. प्रोग्रॅम पुढे सरकला. गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा, ते आलं. लेकीचा रक्तगट आला नाही. तो लेकीनेच हळूच सांगितला.

"कॉपी केलीत, बाबा."

"तुझ्या आईला सांगू नको."

बोलून गेल्यावर मिस्त्री खाली बघत बसले.

मग चौथा प्रश्न आला.

"मी घरी आल्यावर पहिल्यांदा काय करते?"

मिस्त्रींनी लिहिलं, चपला काढते. पडद्यावर आलं, नाही, पुन्हा सांग. हात धुते. नाही. पाणी पिते. नाही. दिवा लावते, चहा टाकते, खिडकी उघडते... नाही, पुन्हा सांग.

मिस्त्रींच्या लक्षात आलं, त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी घरी यायची. ते यायचे तेव्हा चहा तयार असायचा. सत्तावीस वर्षं.

"ठमे, तुला माहितीये?"

"मी पण नंतरच यायचे ना." लेकीने कोड पाहिला. "यात उत्तरच नाहीये. जागा रिकामी आहे. भरायचं राहून गेलं तिचं."

 मिस्त्रींना दुसरं काही नको होतं. एवढं एकच कळायला हवं होतं.

"उत्तर नाही तर बरोबर कधी येणारच नाही," लेक म्हणाली. "मी अट घालते. तीनदा चुकलं की प्रश्न सोडून पुढे जायचं."

तिने अट घातली. चालवून पाहिलं. तीन चुका झाल्या, प्रोग्रॅम चौथा प्रश्न सोडून पुढे गेला आणि संपला.

"झालं, बाबा. ठेवा आता."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मिस्त्रींनी तो पुन्हा लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौथा प्रश्न. तीन चुका झाल्या.

प्रश्न परत आला...

चौथी चूक. पाचवी. प्रोग्रॅम पुढे जाईना.

लेक आल्यावर तिने फाईल उघडली आणि पुन्हा पुन्हा वर-खाली केली.

"काय झालं?"

"तीनची अट नाहीये. बाकी सगळं आहे. तेवढीच काढलीय." तिने बोट पडद्यावर ठेवलं. "आणि सगळ्या ओळी... तीन स्पेसवर आहेत."

"तू केलंस?"

"मी ऑफिसात होते. तुम्ही काही हात लावलात?"

"मला एका बोटाने नाव लिहायला अर्धा दिवस लागतो."

तिने अट पुन्हा घातली. चार स्पेस दिल्या. लॅपटॉप बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

पुढच्या संध्याकाळी कुलूप होतं तसंच होतं.

अट नव्हती.

ओळी तीन स्पेसवर...

"बाबा, मी आता यात हात घालणार नाही," लेक म्हणाली. ती घाबरल्यासारखी दिसत नव्हती. थकलेली दिसत होती. "तुम्हीही घालू नका."

मिस्त्रींना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आत काही हलतच नव्हतं. ते जेवले, भांडी घासली, झोपले.

रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली. मिस्त्रींनी दाराला आतून कडी घातली आणि लॅपटॉप समोर घेतला. पहिले तीन प्रश्न सोडवले. चौथ्याला जे सुचेल ते लिहीत गेले. बोट दुखायला लागलं.

मग त्यांनी उत्तर द्यायचं थांबवलं. प्रश्न तसाच ठेवून ते चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

पाणी गॅसवर होतं.

बाहेरच्या खोलीत दाराची कडी वाजली...

"ठमे, आलीस का गं?"



कडी तर आतून होती. हे त्यांना नंतर आठवलं.

दाराजवळ एक स्टूल होतं. ती गेल्यापासून त्यावर जुने पेपर साठले होते. पेपर सरकल्याचा आवाज आला. मग लाकूड करकरलं. कुणी तरी अंग टाकून बसल्यावर करकरतं, तसं.

आणि मग...

काहीच नाही.

फ्रिजची घरघर थांबली होती. रस्त्यावर मुलं खेळत होती, त्यांचाही आवाज येईना. मिस्त्री चमचा हातात धरून उभे होते. बाहेर जावं असं वाटत होतं, पण पाय उचलेना. भीतीने नाही. कुणी दमून आलंय, त्याला जरा बसू द्यावं, असं काहीसं वाटत होतं.

पाणी आटलं. पातेलं करपल्याचा वास आला. त्यांनी गॅस बंद केला.

स्टूल पुन्हा करकरलं.

मग खोलीतून एक कळ दाबल्याचा आवाज आला. एकच. मोठ्या कळीचा.

टक्...

मिस्त्री बाहेर आले. कडी आतून लावलेली. स्टूल रिकामं. त्यावरचे पेपर खाली जमिनीवर, नीट गठ्ठा करून ठेवलेले.

पडद्यावर त्यांची सगळी चुकीची उत्तरं होती. प्रत्येकाखाली "नाही, पुन्हा सांग."

सगळ्यात खाली प्रश्न होता. प्रश्नापुढची जागा कोरी होती.

त्याखाली लिहिलं होतं, "बरोबर."

लेक आल्यावर त्यांनी तिला फक्त पडदा दाखवला. तिने पर्स खाली न ठेवताच फाईल पाहिली.

"नुसती एंटरची कळ दाबलीय. उत्तराची जागा रिकामी आहे, त्यामुळे रिकाम्या उत्तराला बरोबर म्हणणारच ते." ती थांबली. "बाबा... ती भरायला विसरली नव्हती. हेच उत्तर होतं."

"म्हणजे काय करायची ती?"

"काहीच नाही. बसायची असेल. आपण येईपर्यंत."

मिस्त्री स्टुलाकडे बघत राहिले.

"आणि ही खालची ओळ?" त्यांनी विचारलं.

"बरोबर"च्या खाली आणखी एक ओळ होती. तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता.

"पुन्हा खेळायचं का? हो / नाही"

लेकीने फाईल वरपासून खालपर्यंत पाहिली. परत पाहिली.

"ही ओळ यात नाहीये, बाबा. आईने लिहिलेली नाही, मी पण नाही." तिचा हात कीबोर्डकडे गेला. "बंद करते."

"राहू दे."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. लॅपटॉप टेबलावर उघडाच आहे. चार्जर कधी काढलेला नाही. वीज गेली की लेक बापाच्या चेहऱ्याकडे बघते, पण अजून तरी तो बंद पडलेला नाही. कामावरून आलं की मिस्त्री पाच मिनिटं त्याच्यासमोर बसतात.

कर्सर लुकलुकत असतो. हो की नाही, ते त्यांनी अजून टाइप केलेलं नाही.