टाकीवरचे तीन ठोके

राजस, तो मोबाईल पालथा ठेव. उजेड डोळ्यांत गेला की गोष्ट कानात जात नाही. स्वराली, दारात बसू नकोस, इकडे ये. हसायचं असेल तर दोघांनी आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही. महिपती आमचा खडकीचा शेजारी, क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत होती. त्याला खोटं बोलता येत नसे. गोड बोलताही येत नसे.

तारीख तीन डिसेंबर, साल एकोणीसशे नव्व्याण्णव, वार शुक्रवार. संध्याकाळी महिपती वारज्याच्या नाक्यावर तिळाचं तेल आणायला निघाला. वाण्याने विचारलं, उद्याच्या मारुतीला का? महिपती म्हणाला, नाही, पाण्यातल्या माणसांना. वाण्याने बाटली दिली आणि पुढे काही विचारलं नाही. तोवर सगळ्या वारज्याला ठाऊक झालं होतं.

महिपती तरुणपणी नौदलात पाणबुड्या होता. खोल पाण्यात उतरून काम करायचा. एकाहत्तरच्या लढाईत, तीन डिसेंबरच्या रात्री, शत्रूची एक पाणबुडी विशाखापट्टणमसमोर बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसकट. नंतर जे खाली उतरले त्यांत हा होता. त्यांची एक रीत होती. बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, डोकं टेकवायचं आणि थांबायचं. आत कोणी जिवंत असेल तर तो ठोक्याने उत्तर देतो. आणि उत्तर आलं, की जागा सोडायची नाही. वरून मदत येईपर्यंत तिथंच राहायचं, मधूनमधून ठोका देत, म्हणजे आतल्याला कळतं की बाहेर कोणीतरी आहे.

महिपतीने ठोके दिले. पुन्हा दिले. आतून काही आलं नाही. वर येताना त्याने मनाशी ठरवलं, यांना कोणी विचारलंच नाही असं व्हायला नको. दरवर्षी मी विचारीन.

तेव्हापासून दर तीन डिसेंबरच्या रात्री तो पाण्याच्या एखाद्या लोखंडी टाकीशी दिवा लावायचा, तांब्याभर गोडं पाणी ठेवायचा आणि पान्याने तीन ठोके द्यायचा. खडकीत त्याला कोणी हटकलं नाही. मग मुलाने, आनंदने, वारज्याला फ्लॅट घेतला. आनंद कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन हजार साल उजाडल्यावर मशिनी बिघडतील या भीतीने त्या वर्षी ती पोरं रात्ररात्र जागायची. वारज्यात महापालिकेचं पाणी पुरत नव्हतं, टँकर मागवावे लागायचे. बिल्डरने गच्चीवर जुनी लोखंडी टाकी बसवून दिली होती. लोक बिल्डरला शिव्या द्यायचे. महिपतीला टाकी पसंत पडली.

सोसायटीचे चेअरमन श्यामराव. निवृत्त शिक्षक, सरळ माणूस. त्यांचा सख्खा भाचा त्याच उन्हाळ्यात कारगिलला पडला होता. पंधरा ऑगस्टला त्यांनी महिपतीला व्यासपीठावर बसवून हार घातला आणि भाषणात सांगितलं, की हे गृहस्थ दरवर्षी आपल्या शहीद नौसैनिकांसाठी गच्चीवर दिवा लावतात. दुसरा कोणी असता तर हार घेऊन गप्प बसला असता. महिपती उठला. म्हणाला, आपल्यांना सरकारचं स्मारक आहे. माझा दिवा त्या दुसऱ्यांसाठी आहे. त्यांना इथं कोणी नाही.

एकही टाळी वाजली नाही. त्याने हार काढून खुर्चीवर ठेवला आणि घरी गेला.

मग सभा झाली. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं, किल्ली श्यामरावांकडे. आनंदने वडिलांपुढे हात जोडले. अण्णा, देवघरात लावा, कोणाला कळायचं नाही. महिपती म्हणाला, लपवायला मी चोरी करतोय का? सून नम्रता एवढंच म्हणाली, की अण्णांचा शब्द आहे तर त्यांनी पाळावा, मी तांब्या घासून ठेवते.

तर ती रात्र. वद्य पक्ष होता. बाराला दहा मिनिटं कमी असताना महिपती दिवा, तांब्या आणि पाना घेऊन जिना चढला. गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून श्यामराव बसले होते. मफलर, बॅटरी, मांडीवर पेपर. त्यांनी नजर वर न करता सांगितलं, की गच्ची बंद आहे, आपण वाचू शकत असाल तर पाटी लावली आहे. महिपती म्हणाला, शाळा कमी झाली माझी, पण कुलूप वाचता येतं.

मग श्यामराव पेपर बाजूला ठेवून उभे राहिले.

"महिपतराव, माझ्या बहिणीचा मुलगा गेला. आणि तुम्ही त्यांच्या माणसांना पाणी पाजता?"

"तुमचा भाचा पडला, तिथं समोरच्यांपैकी एकाने त्याला पाणी विचारलं असतं, तर तुम्ही त्या माणसाला शिवी दिली असती का?"

श्यामरावांनी किल्ली खिशात खोल ढकलली.

महिपतीने वाद घातला नाही. टाकीपासून खाली येणारा लोखंडी पाइप त्या दाराशेजारूनच भिंतीत शिरत होता. त्याने दिवा पायरीवर ठेवला, पाना उचलला आणि पाइपवर तीन ठोके दिले. डोकं टेकवलं. थांबला.

काही नाही.

श्यामराव म्हणाले, मिळालं उत्तर?

"अठ्ठावीस वर्षं मिळालं नाही. म्हणून विचारायचं सोडू?"

आणि तेवढ्यात...

ठण्.

ठण्.

ठण्.

पाइपातून. वरून.

श्यामराव आधी चिडले. वर पोरं चढली असणार, आनंदनेच पाठवली असणार. मग त्यांचा हात खिशाशी गेला. किल्ली तिथंच होती. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, बॅटरी फिरवली. गच्ची मोकळी होती. थंडी होती, लांब हायवेवर ट्रकचे दिवे होते. बाकी कोणी नव्हतं. टाकी संध्याकाळीच टँकरने काठोकाठ भरली होती. झाकणाचे बोल्ट आवळलेले.

"घूस असेल," श्यामराव म्हणाले.

"पाण्यात?"

ठण्. ठण्. ठण्. टाकीच्या आतून. हळू, एकसारखे. माणूस देतो तसे.

बॅटरी पडली. श्यामराव दारापर्यंत मागे सरले. आनंद धावत वर आला होता. खाली घराघरांतले नळ वाजत होते, नम्रता पोराला घेऊन जिन्यात उभी होती. आनंदने वडिलांचा दंड धरला. अण्णा, खाली चला.

एवढी वर्षं ठोके दिले, पण उत्तर येईल असं महिपतीला कधी वाटलं नव्हतं. पळावंसं वाटलं. नक्की वाटलं, त्याने स्वतः मला सांगितलंय. पण त्याने मुलाचा हात सोडवला.

"उत्तर आलंय. आता जागा सोडता येत नाही."

त्याने दिवा टाकीच्या पायाशी ठेवला. तांब्या ठेवला. डावा तळहात पत्र्यावर टेकवला आणि उजव्या हाताने एक ठोका दिला.

आतून एक आला.

"आहे," महिपती म्हणाला. "मी इथंच आहे."

रात्रभर. तो एक द्यायचा... आतून एक यायचा. पत्रा बर्फासारखा गार. हात बधिर झाला. काढला नाही. पहाटेकडे आतले ठोके लांबले... एक... मग बराच वेळ काही नाही... मग एक...

सिंहगडाच्या बाजूचा डोंगर दिसू लागला. महिपतीने तांब्या उचलला, पाणी टाकीच्या पायाशी ओतलं. म्हणाला, वर आलात आता. या.

मग काही आलं नाही.

मागे वळला तर श्यामराव. दाराच्या चौकटीत, मफलर डोक्याला गुंडाळून. रात्रभर तेही खाली गेले नव्हते. कुलूप त्यांनी हातात धरलं होतं. ते गच्चीला पुन्हा लागलं नाही. प्लंबर येऊन सांगून गेला, पाइपात हवा धरली होती. महिपती म्हणाला, असेल.

पुढे महिपती गेला. काही वर्षांनी वारज्यात नळाचं पाणी नीट येऊ लागलं आणि ती टाकी गच्चीवरच गॅसने कापली. श्यामराव उभे होते. आतून सगळा गंज, बोटभर जाड. फक्त एका जागी, जिथं बाहेरून महिपतीचा तळहात होता, तिथं गंजात तीन ठिपके. आतून बाहेर ठोकलेले. घासलेल्या चांदीसारखे लख्ख.

तो तुकडा कापून घेतला. आनंदने मला दिला. राजस, तुझ्या मागे भिंतीला टेकवलाय तोच. इतके पावसाळे झाले, त्या तीन ठिपक्यांना गंज चढला नाही. हात लावून बघ.

ठोकायचं असेल तर ठोक. मी अडवत नाही.

पण उत्तर आलं, तर मग उठायचं नाही.